उलटलेली गाय

नवरा गेला तशी मी सौंदडला मोठ्या भावाच्या घरी परत आले. सोबत आंदणातली गाय तेवढी आणली. तिचं दूध होतं तोवर मला भात वाढताना वहिनीचा हात आखडत नव्हता. गाय आटली आणि वहिनीचा हातही आटला.

वळू दाखवला की काही दिवस बरे जायचे, मग पुन्हा माजावर येऊन हंबरायची. आमच्याकडे म्हणतात, गाय उलटली. अशी ती पुन्हा उलटली तेव्हा भाऊ म्हणाला, ‘‘बाजारात नेतो हिले. वांझेले कायले पोसू?’’ लेकी बोले सुने लागे. मला काय कळत नव्हतं? ही गाय गेली की त्या घरात माझं म्हणून काहीच उरणार नव्हतं.

मीच हट्ट धरून गोंदियाचा ढोरडाक्तर बोलावला. रेल्वेनं आला बापडा. हात घालून गर्भ आहे का पाहतो म्हणाला, तर भाऊ आडवा झाला, ‘‘गाय आहे, पोतं नाही!’’ शेवटी मानेच्या शिरेतून काचेच्या नळीत रक्त घेतलं त्यानं. ‘‘तपासून सांगतो. तोवर डागू-बिगू नका,’’ असं बजावून गेला.

दोन थेंब गोठ्यात सांडले होते. भावाच्या डोक्यात तेच बसलं. गर्भ धरायला होती नव्हती ती ऊबही रक्तासंगं गेली, आता डाग दिल्याशिवाय गाय फळायची नाही. डागणारा आला, विळा लाल केला.

‘‘दादा, डाक्तर नको म्हणाला ना रे!’’

‘‘तुले काय समजते वं? चूप राहा!’’

गाय पाडली. कंबरेवर चर्र झालं. मेल्यांनो, मेल्यांनो, एवढंच मी ओरडत राहिले. दुसरं काय होतं माझ्या हाती?

चार दिवसांत ती गाभडली. वासराची खुरं बनली होती, तोंडावर लव आली होती. भाऊ म्हणाला, ‘‘आता तं कामातूनच गेली,’’ आणि गाय बाजारात नेली.

मग डाक्तर आला. रक्तात रोग नाही, गाय ठेवा, हे सांगायला! सगळं ऐकून म्हणाला, पोटुशी गायही कधी कधी माज दाखवते. भाऊ मान खाली घालून उठून गेला. मला वाटलं, आता तरी एक शब्द बोलेल माझ्याशी.

संध्याकाळी तो जेवायला बसला होता. वहिनी मला म्हणाली, ‘‘बाई, गोठा आता रिकामाच आहे. तुमचं अंथरूण तिकडंच टाका.’’

भावानं आणखी भात मागितला.