स्नेहलने वाचायला दिलेली पुस्तकं

लंडनमधल्या इल्फर्डच्या एका शाळेच्या लायब्ररीत स्नेहल कामाला लागली, तेव्हा मुलं तिथे फक्त थंडी टाळायला येत. तिने जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून खूनखराब्याची पेपरबॅक्स पिशव्या भरभरून आणली. हेडबाईंनी नाक मुरडलं, "यातून काय शिकणार मुलं?"

"वाचायला," स्नेहल म्हणाली.

प्रत्येक पुस्तक ती आधी स्वतः वाचायची. नवरा चेष्टा करायचा, "आज किती मुडदे पडले?"

सगळ्यांत अधाशी वाचक म्हणजे इयर टेनमधली, पंधरा वर्षांची ईडन. आजी मुंबईची मराठी ज्यू, म्हणून ती स्नेहलशी मोडकंतोडकं मराठी बोलायची. तिचा मित्र आर्यन वाचायचा कंटाळा करी. ईडन त्याला गोष्टी सांगे.

एका मंगळवारी शाळा सुटल्यावर अनोळखी तिघांनी आर्यनला बसस्टॉपच्या काचेवर आपटलं. काच तडकली. एकाने पोटात लाथा घातल्या, दुसऱ्याने केस धरून मान मागे ओढली, तिसऱ्याने मांडीत चाकू खुपसला. तिघंही पळाले. चाकू मांडीतच होता.

गेटवरून स्नेहल धावली. ईडन आधी पोचली होती.

"हात लावू नकोस!" स्नेहल ओरडली.

ईडनने मूठ आवळून चाकू उपटला.

रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. आर्यन किंचाळला. स्नेहलने कार्डिगन जखमेत कोंबून वर गुडघा रोवला आणि बसच्या ड्रायव्हरला अँब्युलन्स बोलवायला ओरडून सांगितलं.

"मिस, पुस्तकात तो हीरो पायातला चाकू काढते ना," ईडन म्हणाली. "काढते, आणि मग पळते. ही इज फाइन!"

ते पान स्नेहलला आठवलं. वाचताना तिला ते खोटं वाटलं होतं. तरी पुस्तक तिनेच ईडनच्या हातात दिलं होतं.

"इकडे ये. दोन्ही हात ठेव. दाब."

"त्याला दुखते."

"दुखू दे. सगळा भार टाक."

"ईडन, यू आर सो हेवी," आर्यन पुटपुटला. मग त्याचे ओठ पांढरे पडले आणि तो बोलायचा थांबला. ईडन त्याला शिव्या देत दाबत राहिली.

अँब्युलन्सवाल्या बाईने जखमेच्या वरच्या बाजूला रक्त थांबवणारा पट्टा आवळला. "हात काढ, बेटा."

"नो," ईडन स्नेहलला म्हणाली. "मी चाकू काढली म्हणून झाला हे. आता नाय काढणार."

"नाडी लागतेय त्याची," बाई म्हणाली.

ईडनने स्नेहलकडे पाहिलं. स्नेहलने मान डोलावली, तरी हात सुटेनात. शेवटी स्नेहलनेच तिचं एकेक बोट सोडवलं.