भिजलेला चुना

भिजवलेल्या चुन्याचा वास आला, की मला बोरी गावातलं आमच्या काकांचं अंगण दिसतं.

काकांचा स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतात पसरला होता आणि पित्ताची वाट बंद होऊन अंग पिवळं पडलं होतं. परभणीच्या डॉक्टरांनी थोडेच महिने दिले होते, पण ते काकांना कुणी सांगितलं नव्हतं. गावाच्या मते ती नुसती कावीळ होती. म्हणून काकूने कावीळ उतरवणाऱ्या बाईंना बोलावलं.

बाईंनी आणलेला झाडाच्या सालीचा रस काकूने काकांच्या हातांना चोळला. खाजवून खाजवून ते सोलले होते. हात चुन्याच्या पाण्यात बुडवताच पाणी पिवळंधमक झालं.

"बघा, कशी उतरायलीय!" बाई म्हणाल्या. काकू रडता रडता हसली. मी दाराशी उभी होते. काकांचे डोळे तसेच पिवळे होते.

मग काकूने स्वतःचे रसाने माखलेले हात दुसऱ्या भांड्यात उरलेल्या चुन्याच्या पाण्यात धुतले. तेही पिवळं झालं.

काका त्या पाण्याकडे बघत राहिले.

"तुला बी झाली की गं कावीळ," ते हसून म्हणाले.

तेव्हा मला ती थट्टाच वाटली. पण त्यानंतर 'मी कधी बरा होईन' असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही.