वजनाच्या मानेवरचं कुंकू

गोखिवऱ्याच्या विनयाताई घरी आमटीत मीठ अंदाजानेच टाकतात. पण सातिवलीच्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत बसल्या की अंदाज हा शब्दही त्यांना खपत नाही. ग्रॅमचा हजारावा भाग दाखवणारा तिथला नाजूक काटा एकोणीस वर्षं त्यांच्याच हातात. पंखा बंद, काचेची दारं बंद, आणि ताईंचा श्वाससुद्धा बेताचा.

गेल्या खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. ताईंनी काट्याला झेंडूची माळ घातली आणि ज्या शंभर ग्रॅमच्या वजनाशी त्या काटा रोज सकाळी जुळवून घेतात, त्यालाही हळदकुंकू वाहिलं. खरा मान त्याचाच ना! दसरा झाल्यावर ते फडक्याने पुसून डबीत ठेवलं.

चार दिवसांनी तपासणीला बॅप्टिस्ट सर आले. प्रयोगशाळा नापास झाली तर तिला टाळं लागणार होतं आणि ताईंना पॅकिंगमध्ये धाडायचं मालकांनी आधीच बोलून ठेवलं होतं.

सरांनी स्वतःचं पन्नास ग्रॅमचं वजन काट्यावर ठेवलं. आकडा आला ४९.९८५. पुन्हा ठेवलं, तोच. तिसऱ्यांदाही तोच.

"बघा सर, काटा जराही ढळत नाही!" ताई खुशीत म्हणाल्या.

"ढळत नाही हो ताई, पण खरंही बोलत नाही. एकच थाप तीनदा मारतोय. तुमची डबी आणा बघू."

ताईंनी चिमट्याने वजन उचलून उजेडात धरलं. वजनाच्या मानेच्या खाचेत पिवळी-लाल रेघ वाळून बसली होती. तेवढ्या भाराने शंभराचं वजन जड झालं होतं आणि काटा त्यालाच शंभर मानत होता, म्हणून सरांचं पन्नास कमी भरत होतं.

अंगठ्याने पुसलं असतं तर कोणाला कळलं नसतं. पण ज्या देवाला कुंकू वाहिलं, त्याच्यासमोर खोटं कसं बोलायचं?

"सर, ही माझी भक्ती," ताई म्हणाल्या. "काट्याचा दोष नाही."

सर खो खो हसले. "आमचे फादर यंत्रांवर पवित्र पाणी शिंपडतात ना, तेव्हा मी आधी काट्यावर झाकण घालतो! वहीत लिहा, आणि दसऱ्यानंतरचे सगळे नमुने पुन्हा मोजा."

स्पिरिटने वजन पुसून, सुकवून ताईंनी काटा त्याच्याशी नव्याने जुळवला. सरांचं वजन ठेवलं, बरोबर ५०.०००! मग अकरा नमुने, प्रत्येक तीनदा. मदतनीस क्षितिजा कंटाळली, ताई नाही. वहीत दोषाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हळदकुंकू'. त्याच पानाखाली सरांनी पास म्हणून सही केली.

यंदाच्या खंडेनवमीला ताईंनी कुंकू लावलं ते बंद डबीच्या झाकणाला.

"आणि आतल्या वजनाला?" क्षितिजाने मुद्दाम विचारलं.

"त्याला लांबूनच नमस्कार, बाई. नमस्काराचा भार पडत नाही."