चंद्रीनं नाकारलेला गूळ

अंगात आलेल्या बाईला तोंडावर ढोंगी म्हणणारा माणूस मी. शकुन-अपशकुन हे आमच्या हिचं खातं... ती वारली, तेही संपलं. शिकलो थोडकं. घडलं तसं लिहितो.

घर म्हैसुरात, रिसाल्याच्या मागच्या गल्लीत. वाडवडील स्वार, मी स्वार, मुलगा मारुतीही स्वार. घोडी घरचीच — चंद्री. आयुधपूजेला तलवार, खोगीर पुजायचं आणि स्वारानं आपल्या हातानं घोडीला गूळ चारायचा, ही आमची रीत. घोडीनं गूळ नाकारला तर स्वार पडतो, असं ही म्हणायची.

यंदा चंद्रीनं गुळाला तोंड लावलं नाही. मारुतीच्या उजव्या कानामागं नाक खुपसून हुंगत राहिली. ढकललं तरी परत तिथंच.

"मामंजी, ही घोडी नव्हे, सवत आहे माझी!" सून सखू हसली. मग मारुतीच्या हातातला गूळ तसाच बघून तिचं तोंड उतरलं. "अहो, उद्या दसऱ्याच्या स्वारीला नका जाऊ."

"अय्यो, सुम्ने, गप बस की गं! मी पडतोय होय?" मारुती हसला.

मीही हसलो. पण रात्री उठून चंद्रीचे नाल तपासून आलो.

दसऱ्याच्या गर्दीत मला ना हत्ती दिसला ना अंबारी. मी चंद्रीचे खूर बघत होतो. ताशा वाजला की गर्दीतून पुढं घुसायचो... काही झालं नाही. मारुती दारात उतरला.

"बघा अप्पा, आलो की नाही धडधाकट?"

पाय धुवायला दगडावर बसला. तांब्या हातातून सुटला. "अप्पा, डोकं... आतून कुणी हाणल्यागत..." ओकला आणि आडवा झाला. हात उजव्या कानामागं.

इस्पितळात डॉक्टरनं विचारलं, "घोड्यावरून पडला?"

"नाही."

"कुठं मार?"

"नाही हो!"

"मेंदूतली शीर फुटली. एवढ्या तरण्या माणसाला क्वचित होतं. का, ते सांगता येत नाही."

उजाडायच्या आत मारुती गेला.

आम्ही खूर बघत होतो, घोडी डोकं दाखवत होती. तिला कसं कळलं? पुजारी नको तेवढं बोलला. मला काही उमगलेलं नाही.

चंद्रीला विकली नाही. रोज सकाळी गूळ धरून तिच्यापुढं माझं डोकं वाकवतो. ती गूळ खाते. डोक्याला नाक लावत नाही.

"नीट बघ की गं," म्हणतो.

ती मान वळवते.