पंख्याशेजारचं बटण

माझी बायको माझ्या खोकण्यावरून खोटं ओळखते. हे मात्र तिलाही कधी कळलं नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका, मलाच ठाऊक नाही.

मी महाडचा. शाळामास्तर होतो, आता निवृत्त. आमच्या गावाला पूर नवा नाही. पूर येतो, आम्ही सामान माळ्यावर टाकतो, उतरला की चिखल उपसतो आणि वर फुशारक्या मारतो की यंदा पाणी अमक्याच्या फळीपर्यंत होतं. असल्या शहाण्या गावाला नव्वदीच्या दशकात मुंबईची मंडळी आपत्तीचं नियोजन शिकवायला आली. रंगीत नकाशे, हातात काठी, पुराच्या गावात बाटलीतलं पाणी! आणि त्यातून निघालं काय? एक भोंगा. तो शाळेच्या छपरावर बसवला. मी समोरच राहतो, म्हणून त्याचं बटण माझ्या ओटीवर — पंख्याच्या बटणाशेजारी, एकाच बोर्डावर.

नियम मीच घरोघर सांगत फिरलो. ऐकीव बातमीवर धावपळ करायची नाही. भोंगा वाजला की निघायचं, तोवर घरात थांबायचं. काय तो माझा रुबाब! पूर्वी नदीच्या वरच्या अंगाच्या बिरवाडीकडून येणारा कुणी नुसता ओरडला तरी खालची आळी उठून वर यायची. मी त्याला गावंढळपणा म्हणायचो. ती सवय मी मोडली.

पहिल्याच पावसाळ्यात मी भोंगा वाजवला. अख्ख्या बाजाराने दुकानं माळ्यावर चढवली — आणि पाणी पहिल्या पायरीला शिवून मागे फिरलं. झालं! त्या दिवसापासून मी ‘भोंगागुरुजी’. माझ्याच वर्गात पाढे चुकलेले टोणगे आता गल्ल्यावर बसून मला बघितलं की तोंडाने भोंगा वाजवायचे. सगळ्यात मोठ्याने तो कापडवाला. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतं? तेच तर. एवढ्यानेच झालं.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी पोलादपूरहून मेहुण्याचा फोन आला. वर धो धो कोसळतोय, नदी पुलाला लागलीय, भोंगा वाजव. मी हो म्हणून फोन ठेवला. बोर्डापाशी गेलो, बटणावर बोट ठेवलं — आणि मला त्या कापडवाल्याचं तोंड दिसलं. मग मी स्वतःचीच शिकवणी घ्यायला लागलो. आता ओहोटी आहे, खाडी पाणी ओढून घेईल, आधी पायरीला तर लागू दे. शिकलेला माणूस भ्याला की असा भूगोल सांगत बसतो.

तेवढ्यात दारात सुमनवहिनी आल्या, खालच्या आळीतल्या. त्यांचा नवरा दत्तू एका बाजूने लुळा होता. त्याला खुर्चीत बसवून वर आणायचं तर धडधाकट माणसं लागायची, आणि एकदा पाणी शिरलं की जो तो आपल्या घरात अडकणार.

“गुरुजी, निघू काय? ह्यांना उचलायला आता मानसा गावतील, मागनं कोन नाय गावायचा.”

“भोंगा वाजलाय का?”

“नाय.”

“मग?”

बस, एवढंच. मुलाला वर्गात गप्प बसवावं तसं ते ‘मग’. त्या ओशाळल्या, डोक्यावर पदर घेतला आणि पावसात परत गेल्या. माझा नियम त्यांनी माझ्यापेक्षा इमानाने पाळला.

पाणी माझ्या पायरीसाठी थांबलं नाही. ते खालच्या आळीत घरांत शिरल्यावर मी बटण दाबलं — आणि तोवर वीज गेलेली. दत्तू पलंगावरच राहिला. वहिनींनी त्याचं डोकं पाण्याबाहेर धरून ठेवलं होतं, धरवलं तोवर.

चिखल काढता काढता लोकांनी विचारलं, भोंगा का नाही वाजला? मी म्हटलं, फोन आला तेव्हाच आमच्या बाजूची लाईट गेली होती. किती सोपं! एकाही गाढवाला शंका आली नाही. रंगीत नकाशेवाले पुन्हा आले, माझ्या खोट्यावर त्यांनी नवं नियोजन आखलं आणि भोंग्याला बॅटरी बसवली. मला शाल दिली. अजूनही शिबिरांत बोलावतात — ‘प्रत्यक्ष अनुभव’ सांगायला. आणि मी जातो! बॅटरीचं महत्त्व समजावतो, टाळ्या घेतो, जेवून येतो. माझ्यासारख्या नीच माणसाला पंक्तीत मानाचं पान असतं.

आणि वहिनी? मी आळीतून गेलो की आजही उठून उभ्या राहतात. कुणी त्या दिवसाचा विषय काढलाच तर माझ्यादेखत सांगतात, “लाईट नव्हती वो. गुरुजींचा काय दोस?”

लाईट होती. डोक्यावर पंखा फिरत होता, त्याखाली खुर्चीवर माझी ओली पँट वाळत घातली होती. आणि माझं ‘मग?’ ऐकून वळण्याआधी वहिनींनी एकदा वर, त्या पंख्याकडे पाहिलं होतं.