देगलूरच्या मांडवातला भोंगा

श्रीगणेशाला आणि वाग्देवी शारदेला वंदन करून लिहितो. लातूरच्या स्नेह्यांनी माझ्या प्रवचनसेवेच्या गौरवार्थ अंक काढला आहे. त्यासाठीच हे लेखन. यातली एक गोष्ट मी आजवर कुणापुढेही — पत्नीपुढेही — उच्चारलेली नाही.

पाठशाळेच्या परीक्षेत मी दोनदा अनुत्तीर्ण झालो. पुढे नांदेडला केळीचे घड वाहिले, मुदखेडच्या स्थानकावर चहा विकला, देगलूरच्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा केल्या. त्याची मला लाज नाही. भरल्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा माझा आवाज तिथेच तयार झाला. मग लपवले ते काय?

सटवाजी — लग्नांत भोंगे लावणारा माझा मित्र. "ह्यो संस्कृत शिकलाय, मंगलाष्टकं ह्यालाच म्हणू द्या," असे सांगून पौरोहित्याचे पहिले काम त्यानेच मला मिळवून दिले. मांडव बसस्थानकाला लागूनच होता. पहाटेपासून घोषणा करून मी थेट अंतरपाटाशी उभा राहिलो. श्लोक संपला, आणि 'सावधान' म्हणायच्या जागी — "उदगीरला जाणारी गाडी फलाट दोनवर लागली आहे." सवयीने वऱ्हाडाने अक्षताही टाकल्या.

मांडव हसला. वधुपिता मात्र संतापला. "कोण बोललं हे? लेकीचं लगीन हाय का मोटारस्टँड?"

पहिलेच काम — ते बिघडले, तर मला पुन्हा कोण बोलावणार होते? मी म्हणालो, "भोंग्याने स्थानकाचा आवाज ओढला."

सटवाजी माझ्या शेजारीच, यंत्रावर हात ठेवून उभा होता. माझे ओठ त्याने पाहिले होते. त्याने एक शब्द उच्चारला असता तर? "हाव महाराज, भोंगाच लई शहाणा," एवढे म्हणून तो वायर गुंडाळू लागला. पंगत बसण्याआधीच त्याला मांडवाबाहेर काढले. अपशकुनी भोंगा म्हणून गावाने त्याला पुन्हा लग्नाला बोलावले नाही. यंत्र विकून तो मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती वाहू लागला. मला पुढची आमंत्रणे मात्र त्याच मांडवातून आली.

आजही देगलूरला माझे प्रवचन असले, की सटवाजी येतो — आणि बरोबर भोंग्याखाली बसतो.

आवाज माझा होता. भोंगा निर्दोष होता.

वाचकहो, तुमच्या घरची मंगलकार्ये निर्विघ्न होवोत. आणि त्या मांडवात राबणारा प्रत्येक जण तुमच्या पंगतीला पोटभर जेवून जावो. शुभं भवतु.