लॉनला एक थेंबही देणार नाही

आमच्या यांनी रिटायर झाल्यावर अंगणात लॉन लावलं, तेही नेमकं माझ्या कुरडया वाळत घालायच्या जागेवर. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा येतो. तेव्हा आम्ही पिंपापासून तांब्यापर्यंत सगळं भरून ठेवतो, आणि हा माणूस गवताला पाणी पाजणार. मी त्याच दिवशी सांगून टाकलं, "माह्या हातून त्याले एक थेंब भेटणार नाई."

त्यांनी प्लास्टिकचा मग हाती घेतला. तांदूळ धुतलेलं पाणी, कपडे खळबळलेलं पाणी, सगळं मगाने गवतावर जाऊ लागलं. ऊन चढलं की माझ्या जुन्या साड्या दोऱ्यांना बांधून त्यावर सावली. माझ्या डोक्यावर इतक्या वर्षांत कधी छत्री धरली नाही. एप्रिल सरला तरी गवत हिरवंच. मला भारी राग यायचा.

मे महिन्यात पुतण्याचं लग्न निघालं, पुसदला. गुडघ्यांमुळे एसटीत बसवेना म्हणून मी घरीच राहिले. ते पाच दिवसांसाठी निघाले. निघताना लॉनकडे तीनदा पाहिलं, माझ्याकडे एकदा. पाणी टाक असं काही म्हणाले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडा पिवळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "वहिनी, लॉन गेलं वाटते. बरंच झालं, भाऊजींचं खूळ तरी उतरते."

खूळ मीही म्हणत होते, पण मी म्हणणं वेगळं. जन्मभर या माणसाने दुसऱ्यांच्या फायली सांभाळल्या. स्वतःच्या हौसेने केलेलं एवढंच. त्यांचा पडलेला चेहरा मला बघवला नसता.

शेजारीण आत गेली तसा मी कूलर बंद केला आणि त्याची टाकी उपसून सगळं पाणी लॉनवर ओतलं. एसटीत न वाकणारे गुडघे बादल्यांना बरोबर वाकले. पुढचे तीन दिवस मी नुसत्या पंख्याखाली भाजत पडले आणि साऱ्या जगाला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

ते परतले. पिशवी हातात तशीच धरून लॉनपाशी उकिडवे बसले, पातं न् पातं पाहिलं आणि मला हाक मारली.

"पाह्य, पाच दिवस पाणी नाई, तरी हिरवंगार आहे. मुळं खोल गेली याची."

खरं सांगावं तर माझा शब्द जातो. "गेली असतीन," मी म्हणाले.

"मंग आता याले रोज पाणी द्याची गरजच नाई," असं म्हणून त्यांनी पाण्याचा मग धुऊन पालथा घातला. संध्याकाळी शेजाऱ्यांना बोलावून मुळांचं शास्त्र समजावलं.

त्या दिवसापासून मृग लागेपर्यंत रोज दुपारी ते कूलरसमोर घोरले, आणि मी लपवून ठेवलेलं पाणी मागच्या दाराने नेऊन त्यांच्या खोल मुळांना पाजलं.